गाडी दान केली, पण आरसीवर नाव अजून तुमचंच आहे

धरमपेठमधल्या एका निवृत्त वाचकाचं पत्र आहे. त्यांच्याकडे 2009 साली नोंदलेली आयात मर्सिडीज एसएलके होती, दोन सीटची, बटण दाबलं की छत मागे जाणारी. पुढे छत अर्ध्यावरच अडकायला लागलं. नागपूरच्या उन्हात ताडपत्रीखाली ती नुसती उभी राहायची, म्हणून मागच्या दिवाळीत त्यांनी वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका ट्रस्टला ती देऊन टाकली. किल्ल्या दिल्या, आरसी दिली, मालकाचं नाव बदलण्याच्या कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या केल्या. आता वर्धा रोडवरच्या वेगाचं ई-चलान त्यांच्या मोबाइलवर येतंय. करात किती सूट मिळेल आणि चलान कोणी भरायचं, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. गाड्या बदलतात, माणसं बदलतात, पण हेच पत्र मला वारंवार येतं. कुणी स्कूटर पुतण्याला दिलेली असते, कुणी व्हॅन देवस्थानाला.

कराचं आधी सांगते. आयकर कायद्यातल्या कलम 80जी ची सूट पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूच्या नाही. गाडी आधी विकून रक्कम चेकनं दिली असती तर निदान जुन्या करपद्धतीत विचार करता आला असता. स्वतःच्या वापरातली गाडी विकल्यावर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. ती संधी आता गेली.

चलान ही त्यामानानं छोटी गोष्ट आहे. मला काळजी वाटते ती आरसीवरच्या नावाची.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 123 प्रमाणे जंगम वस्तूचं दान ताबा दिल्यावर पूर्ण होतं. म्हणजे तुमचं दान झालं, आणि मन बदललं म्हणून ते परत घेता येणार नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 2(30) म्हणतं की ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. एका कायद्यानं गाडी ट्रस्टची आणि दुसऱ्यानं तुमची, आणि अपघात झाला की हा दुसरा कायदा तुमच्या दारात येतो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे गाडी एकामागून एक हातांतून गेली होती, आरसीवर मात्र पहिल्याच माणसाचं नाव राहिलं होतं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली गेली.

तुम्ही लिहिता की विमा दिवाळीआधीच संपला होता. मग कंपनीही मागे नाही. उद्या त्या गाडीखाली कोणी सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस तुम्हाला येईल, आणि रक्कम भरली नाही तर कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. माझे एक पक्षकार, निवृत्त शिक्षक, जुनी जीप विकून मोकळे झाले होते. नाव बदललंय की नाही हे त्यांनी पाहिलंच नाही. सात वर्षं झाली, ते अजून तारखांना येतात, कोर्टाच्या व्हरांड्यात पिशवीतली तीच विक्रीची चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलगडून दाखवतात. निकाल कधी लागेल ते मी त्यांना सांगू शकत नाही, आणि याचा मला फार संताप येतो.

कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी दिल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवणं हे देणाऱ्याचं काम आहे. घेणाऱ्यानंही 30 दिवसांत कळवायचं असतं, पण त्यानं तुमची जबाबदारी संपत नाही. तुम्ही कोरे फॉर्म दुसऱ्याच्या हातात ठेवून घरी आलात. पदवीधर, आयुष्यभर कागदपत्रं सांभाळलेला माणूस असं का करतो, हे मला खरंच कळत नाही.

त्यात आणखी एक गाठ आहे. 2009 च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2024 मध्येच संपली, म्हणजे दान दिलं तेव्हा ती जिवंत नव्हती. नूतनीकरणाशिवाय नाव बदलणार नाही. आयात चारचाकीसाठी केंद्रानं एप्रिल 2022 पासून लागू केलेली नूतनीकरणाची फी 40 हजार आहे. वर ग्रीन टॅक्स, उशिराचा आकार, विमा, पीयूसी, नव्या नंबरप्लेटा, आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करणं आलंच. ट्रस्ट का चालढकल करतोय, हे बहुधा इथेच आहे.

म्हणून नाव बदलण्याच्या मागे लागण्याआधी ट्रस्टला दुसरा पर्याय विचारा. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी जमा करायची, गाडी जमा झाल्याचं ठेव प्रमाणपत्र घ्यायचं आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यायची. कागदावर मालक तुम्हीच असल्यामुळे सही तुमची लागेल, येणारी रक्कम ट्रस्टनं ठेवावी. थकलेली चलानं आधी भरावी लागतील असं धरून चला. चलानावर हरकत घेता येते, पण त्या वेळी गाडी कोणाच्या हातात होती हे दाखवायला तुमच्याकडे ताबापावती हवी. ती आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भंगाराची किंमत किती येईल यावर मी बोलणार नाही. चालू गाडी म्हणून कुणा हौशी माणसानं जास्त दिले तरी नाव बदलेपर्यंत जोखीम तुमच्याच डोक्यावर राहील.

आजच विश्वस्तांना फोन करा आणि गाडी रस्त्यावर काढू नका, हलवायचीच असेल तर टोचन करून न्या, असं सांगा. मग तेच लेखी, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा: कोणत्या तारखेला ताबा दिला, कोणाला दिला, कोरे फॉर्म परत करा किंवा 15 दिवसांत भरून दाखल करा. प्रत आरटीओला द्या आणि आवक शिक्का घ्या. या पत्रानं अपघाताच्या भरपाईतून सुटका होईल असं मी म्हणत नाही. पण ट्रस्टकडून ती रक्कम वसूल करायची वेळ आली, तर तुमच्या हातात पहिला कागद हाच असेल.