टॉवरसाठी पैसे भरू नका: ५जीबद्दल वाचकांचे प्रश्न

५जी सुरू होऊन बराच काळ लोटला, तरी पत्रांतली शंका बदलत नाही. कुणी दुकानदाराचं ऐकून लिहितो, कुणी व्हॉट्सअॅपवर आलेलं वाचून. म्हणून कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांचे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. कुठल्या कंपनीचं कार्ड घ्यावं, हे मात्र मला विचारू नका. तुमच्या घरात कुणाची रेंज येते ते शेजाऱ्याच्या फोनवर तपासा.

५जीसाठी नवीन सिम घ्यावं लागेल का? 'सिम अपग्रेड करतो, आलेला ओटीपी सांगा' असा फोन आला होता. (राजारामपुरी)

नाही. चालू ४जी सिमवर ५जी चालतं. सिम फारच जुनं असेल तर कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा आणि तिथेच बदला. ओटीपी सांगून बसला असाल तर आधी बँकेला फोन करा.

विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या भागात ५जी देत नाहीत, असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का? (उजळाईवाडी)

अर्धंच खरं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना एक पत्र पाठवलं होतं. विमानाचा उंचीमापक ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झवर चालतो आणि ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यामुळे त्याला अडथळा येऊ नये, म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत त्या पट्ट्यातली यंत्रणा लावू नका, असं त्यात होतं. ते पत्र देशातल्या सगळ्याच विमानतळांसाठी होतं. पण बंदी तेवढ्या अंतरापुरती आणि त्या एका पट्ट्यापुरती होती, सगळ्या ५जीवर नव्हती. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचा नकाशा संकेतस्थळावर ठेवायचा आहे. तो उघडून बघा. आणि मुंबईतल्या जाहिराती वाचून इथली अपेक्षा ठरवू नका. परवान्याच्या हिशेबात मुंबई वेगळं सर्कल आहे, आपण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतो.

महाद्वार रोडवर आमचा जुना वाडा आहे. दारात ५जी दिसतं, माजघरात गेलं की ४जी. फोन बदलू का? (शुक्रवार पेठ)

लगेच बदलू नका. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग भरपूर देतात, पण लांब जात नाहीत आणि दगडी भिंतीत अडतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या आत येतात आणि लांबही पोचतात. हा ७०० चा पट्टा सरकारने २०१६ मध्ये लिलावात काढला तेव्हा देशभरासाठी एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत ११,४८५ कोटी रुपये होती. कुणी घेतला नाही. २०२१ मध्येही तो पडून राहिला. २०२२ मध्ये किंमत ३,९२७ कोटींवर आणल्यावर एका कंपनीने घेतला. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यांना ज्या लहरींची सर्वांत जास्त गरज, त्या किमतीच्या हट्टापायी इतकी वर्षं वापराविना राहिल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

फोन घ्यायचाच असेल तर खोक्यावरचं '५जी' बघून पैसे देऊ नका. एन७८ (३३०० चा पट्टा) आणि एन२८ (७०० चा पट्टा) हे दोन्ही बँड आहेत का, आणि 'एसए' पद्धत, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी, चालते का, हे दुकानदाराकडून मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून घ्या. 'सगळं चालतंय' या उत्तरावर थांबू नका.

शेतात ५जी टॉवर मंजूर झाल्याचं पत्र आलं आहे. ४० लाख आगाऊ, दरमहा ४० हजार भाडं आणि मुलाला नोकरी. नोंदणी फी म्हणून १८,५०० रुपये मागितलेत. पत्रावर ट्रायचा शिक्का आहे. भरू का? (शिरोळ तालुका)

एक रुपयाही भरू नका. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा पैसे गेल्यावर येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्राय ही नियामक संस्था आहे. दर, सेवेची गुणवत्ता, लिलावाविषयीच्या शिफारशी हे तिचं काम. टॉवरसाठी ती ना-हरकत दाखला देत नाही, फी घेत नाही, कर घेत नाही. हे तिने स्वतः अनेकदा जाहीर केलं आहे. त्यामुळे ट्रायचा शिक्का असलेलं टॉवरचं पत्र दिसलं की तेवढ्यावरच ते खोटं समजा.

आता टॉवर खरोखर कसा येतो ते बघा. कंपनीचे अभियंते कुठे सिग्नल कमी पडतो, कुठे गर्दी होते हे मोजतात आणि एक छोटा पट्टा ठरवतात. त्या पट्ट्यात सोयीची जागा शोधत माणूस गावात येतो. तुम्ही ऑनलाइन अर्ज भरला म्हणून तुमच्या गटात टॉवर येत नाही. माणूस आला, जागा पाहिली, पसंत पडली, तर करार होतो आणि भाडं कंपनी तुम्हाला देते. पैसा एकाच दिशेने जातो. नोंदणी फी, विमा, जीएसटी, 'रिफंडेबल डिपॉझिट' या नावांनी तो उलट जायला लागला की समोर चोर आहे. पहिली रक्कम लहान ठेवतात. ती भरली की पुढची मोठी मागतात, आणि आधीचे बुडतील या भीतीने माणूस भरत जातो. ऊस बिलाचे पैसे असे गेलेले मी बघितले आहेत. घरात सांगायची लाज वाटते म्हणून लोक आठवडा घालवतात, तोवर पैसे चार खात्यांतून निघून गेलेले असतात.

टॉवर उभारणाऱ्या कंपनीची दूरसंचार विभागाकडे नोंदणी असते, तिची यादी विभागाच्या संकेतस्थळावर आहे. खरा प्रस्ताव आला तरी करारावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. मुदत किती, भाडेवाढ किती, टॉवर काढायचा खर्च कुणाचा, हे तीन मुद्दे त्यांच्याकडून तपासून घ्या.

पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँक, मग पोलीस ठाणे. नुसतं पत्र किंवा फोन आला असेल, पैसे गेले नसतील, तर 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये कळवा. या दोन वाटांची अदलाबदल करू नका.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर येणार आहे. काय तपासावं? (नागाळा पार्क)

सर्वसाधारण सभेचा ठराव आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र कंपनीने आणलं तरी इमारत जुनी असेल तर तुमच्या स्वतःच्या इंजिनिअरला एकदा दाखवा.

वडिलांना पेसमेकर आहे आणि समोरच्या इमारतीवर टॉवर. घर बदलावं का? (ताराबाई पार्क)

घर बदलू नका. पेसमेकरपासून मोबाईल १५ सेंटिमीटर लांब ठेवा, शर्टाच्या खिशात नको. टॉवरपेक्षा हे पाळणं महत्त्वाचं. बाकी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, पेसमेकरचं कार्ड घेऊन जा. प्रारणांबाबत सांगायचं तर १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू झाली. शंका असेल तर 'तरंग संचार' पोर्टलवर त्या टॉवरची माहिती बघता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. मे २०२१ मध्ये ५जीच्या चाचण्यांमुळे कोरोना पसरतोय असं सांगत लोक फिरत होते. तेव्हा देशात ५जी सुरूच झालं नव्हतं. असलं ऐकून औषधपाण्याचे निर्णय घेऊ नका.

रस्ता खोदताना केबल तुटली, दोन दिवस नेट नव्हतं. ट्रायकडे तक्रार केली, उत्तर नाही. (हुपरी)

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. तिथेही टोलवाटोलवी झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईलच्या तक्रारी आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कागद नीट असतील तरच वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे.

विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला आहे. ५जी आलं की तो बंद पडेल का? (कागल)

५जी आल्यामुळे नाही. असे बरेच स्टार्टर २जीवर चालतात आणि काही कंपन्यांकडे २जी अजून आहे. जिओकडे २जी मुळातच नाही, त्यामुळे तसल्या स्टार्टरमध्ये जिओचं सिम घातलं तर तो चालणार नाही. नवीन घेताना ४जीचा मिळतो का ते विचारा, आणि सिम घेण्याआधी स्टार्टरचा मॉडेल नंबर विक्रेत्याला दाखवा.