वाचकांचे प्रश्न : गाडीची काच कशी फुटते आणि फुटल्यावर काय करावे

प्रश्न : रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या माझ्या गाडीच्या मागच्या दरवाजाची काच फोडून आतली बॅग चोरीला गेली. सीटवर सगळीकडे काचेचे दाणे पसरले होते, पण तळहाताएवढा एकही तुकडा सापडला नाही. याच गाडीच्या पुढच्या काचेवर पूर्वी दगड आदळला होता, तेव्हा मात्र फक्त चांदणीसारखा तडा गेला होता. एकाच गाडीच्या दोन काचा इतक्या निराळ्या रीतीने का फुटतात?

उत्तर : कारण त्या दोन काचा घडवण्याची रीतच निराळी आहे. दरवाजाची काच साधारणपणे टफन्ड असते. ती हव्या त्या आकारात कापून, कडा घासून घेतल्यानंतर भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडून झटकन निववतात. पृष्ठभाग आधी निवून घट्ट होतो. आतला भाग सावकाश निवतो आणि निवताना आकसू पाहतो, पण तोवर घट्ट झालेले दोन्ही पृष्ठभाग त्याला पुरते आकसू देत नाहीत. परिणामी पृष्ठभाग कायमचे दाबाखाली राहतात आणि मधला भाग कायमचा ताणाखाली. दाबाखालचा थर प्रत्येक बाजूला काचेच्या जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो. म्हणजे काच ४ मिलिमीटर जाड असेल, तर हे कवच एक मिलिमीटरही भरत नाही.

काच दाब उत्तम सोसते, तिला ताण सोसत नाही. पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांवर ताण आला की ते उघडू लागतात आणि तडा सुरू होतो. टफन्ड काचेत मात्र हे ओरखडे दाबाने मिटलेले असतात, त्यामुळे बाहेरच्या आघाताला आधी तो दाब संपवावा लागतो आणि मगच ताण निर्माण करता येतो. म्हणून ही काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत असते. पण एखादा तडा ते कवच भेदून मधल्या भागात पोहोचला, की पुढे ढकलायला बाहेरच्या जोराची गरजच उरत नाही. आत साठलेली ऊर्जा तड्याला सेकंदाला जवळजवळ १५०० मीटर वेगाने पळवते, तड्याला फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत सबंध काचेचे दाणे झालेले असतात. तेव्हा तुमच्या चोराने फार जोर लावला असेल असे समजू नका. त्याने फक्त सुरुवात करून दिली, काच फोडण्याचे उरलेले काम कारखान्यात भरलेल्या ताणाने केले.

ही गंमत जुनी आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीचा एक थेंब तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो बहुधा टिकतो, पण शेपटीचे टोक मोडले की सगळाच भुगा होतो. प्रिन्स रूपर्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या थेंबांची तपासणी लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६१ मध्येच झाली होती.

पुढची काच लॅमिनेटेड असते. साध्या काचेचे दोन पत्रे आणि त्यांच्या मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या चिवट प्लॅस्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा, अशी तिची रचना असते. या पत्र्यांत टफन्ड काचेसारखा ताण साठवलेला नसतो, म्हणून दगडाने पडलेला तडा बाहेरच्या पत्र्यापुरताच राहू शकतो, आणि दोन्ही पत्रे फुटले तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्त्युस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचे एक पात्र पडले. त्याला तडे गेले, पण आतून सेल्युलोज नायट्रेटचा थर बसलेला असल्यामुळे तुकडे विखुरले नाहीत. लॅमिनेटेड काचेची कल्पना त्यातून निघाली आणि १९०९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले.

प्रश्न : स्पार्क प्लगमधल्या पांढऱ्या चिनीमातीचा इवलासा कपटा लागला तरी गाडीची काच फुटते, असे व्हिडिओत दाखवतात. हे खरे आहे का?

उत्तर : दरवाजाच्या टफन्ड काचेपुरते खरे आहे. तो पांढरा पदार्थ मुख्यतः ॲल्युमिना असतो. कठीणपणाच्या मोस मापावर ॲल्युमिना ९ वर आणि काच साडेपाच ते सहाच्या आसपास येते. बोथट वस्तू आदळली की आघात पसरतो, काच किंचित लवते आणि वस्तू उसळून परत येते. कठीण आणि धारदार टोक मात्र स्वतः न चेपता सगळा जोर एका बिंदूवर आणते आणि ते पातळ कवच भेदते. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत तर असे तुकडे चोरीच्या उद्देशाने जवळ बाळगणे हा घरफोडीची हत्यारे बाळगण्याच्याच कलमाखाली गुन्हा धरला आहे. लॅमिनेटेड काचेचे मात्र याने असे दाणे होत नाहीत, हे व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत.

प्रश्न : काचांना सुरक्षा फिल्म लावून घ्यावी की लॅमिनेटेड काचा असलेलीच गाडी घ्यावी? आणि अपघातात आत अडकलो, तर याच काचा आपल्या जिवावर उठणार नाहीत ना?

उत्तर : फिल्ममुळे काच फुटायची थांबत नाही. ती फुटलेले दाणे एकत्र धरून ठेवते आणि चोराला हात आत घालायला वेळ लागतो. गडबडीत असलेल्या चोराच्या दृष्टीने हा वेळच महाग असतो. पण फिल्म दिसणाऱ्या भागापुरतीच चिकटवलेली असेल आणि कडेला चौकटीशी पक्की केलेली नसेल, तर फुटलेली काच अख्ख्या चादरीसारखी आत ढकलता येते. फिल्म किती गडद असावी याचे नियम ठिकाणानुसार बदलतात, ते आधी पाहून घ्यावेत. दरवाजाला लॅमिनेटेड काच असणे चोरीच्या दृष्टीने याहून चांगले, शिवाय आवाजही आत कमी येतो.

तुमची शंका मात्र रास्त आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये काच फोडण्याची सहा साधने तपासली. त्यांतल्या चार साधनांनी टफन्ड काच फोडली, लॅमिनेटेड काच एकाही साधनाला फोडता आली नाही. म्हणून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला छापील शिक्का आजच वाचून ठेवावा. ती कोणत्या प्रकारची आहे हे बहुधा तिथे लिहिलेले असते. अडकल्यास टफन्ड काच निवडावी आणि टोकदार साधनाचा घाव मध्यभागी न घालता कोपऱ्याजवळ घालावा.

खर्च करण्यापूर्वी एक फुकटचा उपाय करून पाहावा, असे माझे मत आहे. सीटवर काहीही दिसता कामा नये. रिकामी पिशवी, लोंबती चार्जिंगची वायर, मोबाइल अडकवायचा स्टँड, एवढेही आतल्या मालाची जाहिरात करायला पुरते. सामान डिकीत ठेवायचेच असेल, तर ते निघतानाच ठेवावे. गाडी उभी केल्यावर सगळ्यांसमोर डिकी उघडून ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

प्रश्न : दरवाजाच्या काचेला लहानसा टवका उडाला आहे. पुढच्या काचेप्रमाणे तो भरून घेता येईल का?

उत्तर : नाही. टवका कवचाच्या आत राहिला म्हणून काच अजून शाबूत आहे. ती बदलून घ्यावी.

प्रश्न : बंद गाडीची काच आपोआप फुटली. चोरीला काहीच गेले नाही. हे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. काचेच्या कडेला पूर्वी बसलेला टवका, दरवाजाच्या चौकटीत काचेवर पडणारा पीळ, किंवा उन्हाने तापलेल्या काचेवर अचानक पडलेले थंड पाणी यांनी आधीच दुखावलेली काच फुटू शकते. क्वचित काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकलेला असतो. काच झटकन निवल्यामुळे तो उच्च तापमानाच्या रूपातच गोठतो आणि पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी रूप बदलताना किंचित फुगतो. तो मधल्या ताणाच्या भागात असेल, तर तेवढ्याने काच फुटते. इमारतींच्या जाड काचांत हे अधिक आढळते. फिल्ममुळे दाणे जागेवर राहिले असतील, तर तडे कोणत्या बिंदूपासून पसरले ते दिसते. तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे जोडून दिसले, तर संशय निकेल सल्फाइडवर घ्यावा.

प्रश्न : काच फुटल्यावर गाडी साफ कशी करावी?

उत्तर : आधी फोटो काढावेत, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवावे, मग कशालाही हात लावावा. दाणे बोथट असतात हे अर्धेच खरे आहे. त्यांत सुईसारख्या कपच्याही असतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि फडक्याने न पुसता व्हॅक्यूमने ओढून घ्यावेत. लहान मुलांच्या सीटच्या पट्ट्या आणि सीट बेल्टची कुलपे उघडून तपासावीत. पुष्कळसे दाणे दरवाजाच्या पोकळीत पडलेले असतात. म्हणून पॉवर विंडोचे बटण दाबू नये, आणि नवी काच बसवणाऱ्याकडून आतले आवरण काढून पोकळी साफ करून घ्यावी. तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी असलेली छिद्रे दाण्यांनी बुजली, तर पावसाचे पाणी आत साचून दरवाजा खालून गंजतो.