‘थोडं जाड असलेलं बरं’ म्हणे! वजन आणि हार्टबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे वजनाचेच होते, त्यातले तीन घेतलेत. नेहमीचंच परत सांगते, मी डॉक्टर नाही. आकडेवारी हा माझा विषय, त्यामुळे गोळी कुठली नि किती ते मला विचारू नका.

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. उंची १६५ सेंमी, वजन ७३ किलो, बीपीची गोळी चालू आहे. रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारायला जायचे, पण त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की अमेरिकेतल्या मोठ्या रिसर्चमध्ये म्हणे थोडी जाड माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त जगतात, तेव्हापासून फेऱ्या बंद, आणि वर आम्हालाच ऐकवतात की तुम्ही डाएट करून लवकर जाल. हे खरं आहे का?
– एक सूनबाई, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, फॉरवर्ड खोटा नाहीये, तीच तर पंचाईत आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधक कॅथरीन फ्लेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९७ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, २८ लाखांच्या वर माणसं, त्यातले २ लाख ७० हजार मृत्यू, आणि निघालं असं की बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ ते ३० असणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ‘नॉर्मल’ वजनवाल्यांपेक्षा ६ टक्क्यांनी कमी. तुमच्या सासऱ्यांचा बीएमआय साधारण २६.८ येतो, म्हणजे ते खूश होणारच. पण त्याच पेपरात पुढे हेही आहे की ३५ च्या वर धोका २९ टक्क्यांनी जास्त. ते ग्रुपवर येईपर्यंत वाटेत गळलं.

आता अशा आकड्यांसमोर पहिला प्रश्न हा विचारायचा की बारीक लोकांच्या रांगेत नक्की कोण कोण उभं आहे. त्यात उपवनला रोज पळणारा असतो तसाच दिवसाला एक पाकीट सिगरेट ओढणाराही असतो (सिगरेटने वजन थोडं कमीच राहतं), आणि ज्याला आत कुठेतरी कॅन्सर सुरू झालाय, अजून कळलं नाही पण वजन उतरायला लागलंय, तोही तिथेच. हे लोक दोन-तीन वर्षांत गेले की त्यांचे मृत्यू बारीकपणाच्या खात्यावर चढतात, प्रत्यक्षात वजन आजाराने उतरलेलं असतं.

म्हणून २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दुसरा मोठा हिशोब आला. २३९ अभ्यास, १ कोटीच्या वर माणसं, पण यांनी काय केलं, सिगरेट ओढणारे आणि कधीकाळी ओढलेले सगळे काढले, सुरुवातीलाच मोठा आजार असलेले काढले, आणि पहिल्या पाच वर्षांत गेलेलेही काढले. उरली साधारण ३९ लाख माणसं आणि गणित फिरलं. सगळ्यात कमी धोका २० ते २५ मध्ये. २५ ते २७.५ मध्ये ७ टक्के जास्त, २७.५ ते ३० मध्ये २० टक्के, ३० ते ३५ मध्ये तर ४५ टक्के.

आणि बारीक लोकांच्या रांगेत आजारी माणसं मिसळण्याचा हा घोळ फक्त तिकडचाच नाही हं. मुंबईत १९९१ ते १९९७ मध्ये मतदार याद्या घेऊन घरोघरी जाऊन ३५ च्या वरच्या जवळजवळ दीड लाख लोकांची नोंद केली होती, मूळ विषय तंबाखूचा, पण वजन-उंचीही मोजली. नंतर कोण गेलं ते तपासलं तर सगळ्यात जास्त धोका एकदम हडकुळ्या माणसांना. त्या काळच्या चाळीत नि झोपडपट्टीत हडकुळं असणं म्हणजे काही जिमला जाणं नव्हतं, टीबी, तंबाखू आणि अर्धपोट हे सगळं त्यात आलं.

आता सासऱ्यांच्या बाजूचंही बोलते, कारण ते पूर्ण चुकलेले नाहीत. त्याच २०१६ च्या अभ्यासात २५ च्या वर बीएमआय ५ ने वाढला की ३५ ते ४९ वयात धोका ५२ टक्के वाढतो आणि ७० ते ८९ मध्ये २१ टक्के. म्हणजे सत्तरीत वजनाचा काटा तितका कडक राहत नाही. शिवाय म्हातारपणी उंची कमी होते, मणके दबतात, तरुणपणी १६८ असलेला माणूस १६५ चा होतो आणि एक ग्रॅमही न वाढता बीएमआय वर जातो. त्यामुळे बाबांना भात बंद, बटाटा बंद, आठ किलो उतरवा असं कुणी सांगत असेल तर मी नाही म्हणेन, त्या वयात खाणं तोडून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि ते परत येता येत नाहीत.

पण फेऱ्या बंद करायचं काय कारण, त्या बीपीसाठी आणि पायातल्या ताकदीसाठी आहेत, वजन उतरो न उतरो. आणि त्यांना एक अभ्यास आवर्जून सांगा, २०१८ चा, अमेरिकेतल्या दहा मोठ्या अभ्यासांमधली १ लाख ९० हजार माणसं. त्यात थोडं जास्त वजन असणारे नॉर्मलवाल्यांइतकेच जगले, हे खरं, पण हृदयविकार त्यांना आधी गाठतो, म्हणजे आयुष्य तेवढंच आणि त्यातली जास्त वर्षं गोळ्या, अँजिओग्राफी आणि फॉलो-अपची. ‘जास्त जगतात’ असं दिसण्यामागे हेही एक कारण आहे, रोग लवकर सापडला म्हणून रोगासकट जास्त वर्षं मोजली गेली. ग्रुपवर हे टाकून बघा, किती जण पुढे पाठवतात कोण जाणे.

प्रश्न : वय ४१, उंची १६८, वजन ६३ किलो. ऐरोलीला आयटीत आहे, दिवसभर खुर्ची, मग ठाणे-वाशी ट्रेन. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये बीएमआय नॉर्मल लिहून आलाय, हातपाय बारीकच आहेत पण पोट चांगलंच सुटलंय. वडिलांना ५० व्या वर्षी अटॅक आला होता. बायको मागे लागलीय डॉक्टरकडे चल म्हणून. रिपोर्ट नॉर्मल असताना जाऊन सांगायचं काय?
– ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : दादा, बायकोचं ऐका. तुमचा बीएमआय २२.३ येतो आणि गंमत म्हणजे हा आकडा फार प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधक मित्रांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा तोच, सूत्र तेच, आणि आत मामला वेगळा. आपल्याकडे हे जन्मापासूनच दिसतं, याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं तपासली तर वजनाने किरकोळ, पण वजनाच्या मानाने चरबी मात्र टिकून.

मुळात बीएमआयचं सूत्र क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं, त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते काढायचं होतं, हृदयाशी काहीएक संबंध नव्हता. भारतीयांसाठी आता हद्द २५ ची नाही तर २३ ची धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंमीच्या आत, बायकांचा ८० च्या आत असावा असं सांगतात. २००४ चा इंटरहार्ट अभ्यास, ५२ देश, पहिला अटॅक आलेले सुमारे १५ हजार पेशंट आणि जवळपास तेवढीच बिनअटॅकची माणसं, त्यात कंबर आणि नितंब यांचं प्रमाण हे बीएमआयपेक्षा अटॅकशी जास्त जोडलेलं निघालं. आणि आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, बाकीच्यांना ५८-५९ ला.

घेर मोजायला पँटचा नंबर सांगू नका, आपण सगळे पँट पोटाखालून घालतो आणि ‘अजून चौतीसच’ म्हणत फिरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मध्ये टेप, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता.

पँटवरून आठवलं. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टर-संशोधकांनी १९५३ साली दाखवलं की डबलडेकरचे ड्रायव्हर, जे दिवसभर बसून, त्यांना कंडक्टरपेक्षा हृदयविकार जास्त होतो, कंडक्टर बिचारे जिने चढत-उतरत तिकिटं फाडायचे. सगळे म्हणाले बसणं वाईट. पण मॉरिस गप्प बसले नाहीत, त्यांनी बस कंपनीकडून युनिफॉर्मची मापं मागवली, आणि १९५६ ला छापलं की ड्रायव्हरच्या पँटची कंबर तरुण वयापासूनच मोठी होती! म्हणजे बसून पोट सुटलं की पोट असलेलेच ड्रायव्हर झाले, ही शंका त्यांनी आपल्याच निष्कर्षावर स्वतः घेतली. मला हा सगळ्या विषयातला सर्वात आवडता पेपर.

तर डॉक्टरकडे जाऊन एवढंच सांगा, कंबर इतकी, वडिलांना ५० ला अटॅक. ५५ च्या आत वडिलांना झाला असेल तर ती घरातली हिस्टरी महत्त्वाची धरतात. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघतील. बीएमआयची ओळ दाखवायचीच गरज नाही.

प्रश्न : आमची आजी ७८ वर्षांची आहे. आठ महिन्यांत ५२ किलोवरून ४६ वर आलीय. नातेवाईक म्हणतात छान झालं, गुडघ्यांना आराम. पण तिने काही डाएट वगैरे केलेलं नाही.
– कळवा

उत्तर : याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या, पुढच्या अंकाची वाट बघू नका. न ठरवता सहा महिने-वर्षभरात ५ टक्के वजन उतरलं तरी तपासतात, आजीचं ११ टक्क्यांच्या वर गेलंय. कवळी बसत नसेल, एकटीने जेवायला नको वाटत असेल, एखाद्या गोळीने तोंडाची चव गेली असेल इथपासून शुगर, थायरॉइड, टीबी, कॅन्सर, हार्ट फेल्युअरपर्यंत काहीही असू शकतं. चालू गोळ्यांची पिशवी अख्खी घेऊन जा. आणि उलटंही लक्षात ठेवा, हार्टच्या पेशंटचं दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली, तर ते खाल्ल्याचं नाही, पाणी साठलंय, लगेच फोन करा.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचं हे नीट मोजणं आत्ता कुठे सुरू झालंय. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ च्या वरच्या ७२ हजार लोकांच्या पाहणीची पहिली फेरी केली, त्यात वजन, कंबर, बीपी तर घेतलंच पण मुठीची पकडही यंत्राने मोजली, कारण म्हातारपणी ताकद किती उरलीय ते काट्यावर दिसत नाही. आजीला घरीच विचारून बघा, बाटलीचं झाकण उघडता येतं का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का. नसेल जमत तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि गुडघ्याचं नंतर बघू.