लोट्याच्या दवाखान्यात रुजू होताना

बायो,

लोट्याला कंपनीच्या दवाखान्यात लागलीस, तुझ्या आईने सांगितलं. पगार बरा, एसटी गेटपर्यंत, रात्रपाळी कमी. सगळं खरं. पण वॉर्डात हाक मारली की डॉक्टर यायचे. इथे ते आठवड्यातून दोनदा तासभर येतील आणि एरवी कामगार तुलाच डॉक्टर समजतील. घोळ तिथेच होतो.

माझंच सांगते. आषाढात एक ऑपरेटर दोन दिवस लावणी करून पाळीवर आला. अंगात ताप. "सिस्टर, दोन गोळ्या द्या, पाळी काढतो." दिल्या मी. पोटऱ्या दुखतायत का, विचारलं नाही. डोळे लाल होते, तिकडे लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी कावीळ दिसली. लेप्टो निघाला, उंदराच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा आजार. वाचला बिचारा. नंतर चौकशीत माझं रजिस्टर उघडलं तर एकच ओळ : 'ताप. गोळी दिली.' वेळ नाही, तापमान नाही, डॉक्टरांना फोन केल्याची नोंद नाही, कारण केलाच नव्हता.

म्हणून पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून स्टँडिंग ऑर्डर लेखी घे. कुठल्या तक्रारीला कुठलं औषध, किती, आणि कधी पुढे पाठवायचं. खाली सही, तारीख. अँटिबायोटिक किंवा इंजेक्शन मनाने द्यायचं नाही. फोनवर ऑर्डर मिळाली तर वेळेसकट लिहून ठेव आणि पुढच्या खेपेला सही घे. सही केलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या ठेवून जाणारे डॉक्टर भेटतील. त्या गोड बोलून परत कर. प्रथमोपचाराला मात्र कचरायचं नाही. डोळ्यात ॲसिड उडालं तर कुणाची वाट न बघता डोळा वाहत्या पाण्याखाली धर, निदान १५ मिनिटं, घड्याळ बघून.

भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ एकदा वाच. हयगयीने मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना झाला तर २ वर्षांपर्यंत. डॉक्टरची व्याख्या तिथेच दिली आहे, तिच्यात आपण बसत नाही. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलं तरी नाही.

अपघाताने कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर सरकारला कळवावं लागतं. ते टाळायला काय करतात, बोट चेंगरलेल्याला गाडी पाठवून आणतात, हजेरी लावतात आणि दिवसभर तुझ्या खाटेवर झोपवतात. कळवणं मॅनेजरचं काम, तुझं नव्हे. पण "सिस्टर, किरकोळ लिहा" म्हणाले तरी जखम दिसली तशीच लिही : कुठलं बोट, किती खोल, किती वाजता आला, किती वेळ झोपून होता. एचआरवाले कुणाला शुगर आहे ते सहज विचारतील. त्यांना डॉक्टरांचा फिटनेसचा कागद पुरे.

रजिस्टर पुठ्ठ्याचं, पानांवर नंबर छापलेलं माग. पावसात खालच्या खणात ओल धरते, वर ठेव. गणपतीला येशील तेव्हा ऑर्डरच्या कागदाची झेरॉक्स आण, बघते मी.

तुझी मावशी