स्टेटस ठेवणारा दोषी की दगड मारणारा?

दोघांचा हिशेब वेगळा, एकाची वजाबाकी दुसऱ्यात होत नाही.

आमच्या कोल्हापूरचंच बघा. जून २०२३ मध्ये काही मोबाईल स्टेटसवरून वातावरण तापलं, ७ तारखेला बंदची हाक आली. शिवाजी चौकात जमाव, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, वर इंटरनेट बंद. स्टेटससाठी कायदा होताच की! समाजासमाजांत तेढ पसरवणाऱ्यासाठी तेव्हा भारतीय दंड विधानाचं कलम १५३-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६. तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार द्यायची, पुढचं पोलीस बघतील. ज्या दुकानाची काच फुटते, त्या मालकानं कुठलं स्टेटस ठेवलेलं असतं?

मर्यादा म्हणाल तर, घटनेचं कलम १९ बोलायचा हक्क देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी वाजवी बंधनंही घालू देतं. एकत्र जमायचा हक्कही आहे, फक्त शांततेनं आणि शस्त्राविना. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सरकारवर कितीही कडक टीका हा राजद्रोह नाही. हिंसेची चिथावणी हवी. म्हणजे नुसतं झोंबणारं बोलणं गुन्हा नव्हे. (आम्हा कोल्हापूरकरांची निम्मी भाषाच झोंबणारी!)

आणि याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येणाऱ्या कम्युनिस्ट नेते आणि लेखक गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्यांच्या हातात माईकशिवाय काय होतं?