व्हॉल्व्हआधी कंडेन्सर पाहा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ पंचवीस वर्षं माळ्यावर पडून होता. आतले सगळे व्हॉल्व्ह शाबूत दिसतात. प्लग लावून पाहू का? (वाचक, सातारा)

उत्तर : एवढ्यात नको. पडून राहिल्याने व्हॉल्व्ह (रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळ्या) सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ते कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग), आणि मग तेच चांगला व्हॉल्व्ह मारतात.

मागचा पुठ्ठा काढून धूळ ब्रशने झाडा. मेन्सची रबरी वायर वाकवल्यावर तडकत असेल तर बदला. ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर व्होल्टेजची खुंटी २४० किंवा २४५ वर लावा. २२० वर ठेवली तर आजच्या लाइनवर हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) गरजेपेक्षा जास्त तापतात.

आता खरा आरोपी. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या (बहुधा ईएल ८४) ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणारी जाळी) मागच्या ट्रायोड व्हॉल्व्हच्या प्लेटकडून (करंट गोळा करणारा पत्रा) ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर येतो. तो गळू लागला की ग्रिडवर प्लस व्होल्टेज चढतं, करंट वाढतो, प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. हा कंडेन्सर मोजत बसू नका, सरळ बदला. ०.०२२ चा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर स्वस्तात मिळतो.

मग ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून सेट लावा (एलईडी बल्ब या कामाचा नाही). बल्ब आधी भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सगळं ठीक दिसलं तर बल्ब काढून सेट पूर्ण लाइनवर घ्या आणि डिजिटल मीटरची काळी पिन चासीला (सेटचा पत्र्याचा सांगाडा) लावून ईएल ८४ ची २ नंबरची पिन मोजा. तिथे शून्य किंवा किंचित मायनस हवं. नवा कंडेन्सर घालूनही अर्ध्या व्होल्टच्या वर प्लस येत असेल, तर व्हॉल्व्हमध्येच गॅस झाला आहे. ३ नंबरच्या पिनवर, कॅथोडचा (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) रेझिस्टन्स १३५ ओहमच्या आसपास असेल तर, सात-आठ व्होल्ट येतात. बारा दिसले तर सेट चालू ठेवू नका.

घूं आवाज जावा म्हणून काही कारागीर फिल्टरला १०० मायक्रोफॅरड टाकतात. ईझेड ८० या रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० आहे. त्यावर गेलात की रेक्टिफायरमध्ये ठिणग्या उडतात. आणि सेट बंद केल्यावरही याच कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट उरू शकतात. हात घालण्याआधी ५ वॅटच्या १० किलोओहम रेझिस्टन्सने ते उतरवा आणि मीटरने खात्री करा.

प्रश्न : माझ्या सेटमधला यूसीएच ८१ व्हॉल्व्ह गेला. दुकानदाराने ईसीएच ८१ दिला, म्हणाला "एकच आहे". सॉकेटमध्ये बसला, पण सेट मुकाच. (वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्हींची आतली रचना आणि पिना एकच, पण हीटर वेगळे. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या साखळीतला (हीटर एकामागोमाग जोडलेले). ईसीएच ८१ ला ३०० मिलिअँपिअर लागतात. तुमच्या साखळीत त्याला त्याचा तिसरा हिस्साच मिळतो, म्हणून तो तापतच नाही. उलट बाकीचे थोडे जास्त तापतात.

हिशेब करून पाहा. यूसीएच ८१ चे १९, यूबीएफ ८९ चे १९, यूसीएल ८२ चे ५० आणि यूवाय ८५ चे ३८, मिळून १२६ व्होल्ट. २३० तून उरलेले १०४ व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्स खातो, म्हणजे तो १०४० ओहमचा आणि दहा वॅटहून जास्त उष्णता टाकणारा. एक हीटर तुटला की चौघंही विझतात, म्हणून आधी एकेक हीटर मीटरने तपासा.

अशा सेटमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लग उलटा बसला तर चासीवर फेज येतो, नॉबच्या बारीक स्क्रूवरसुद्धा. पूर्वी त्या भोकात मेण भरलेलं असे ते याचसाठी. दुरुस्ती आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा) लावूनच करा.

प्रश्न : जुन्या बाजारात सुटे व्हॉल्व्ह मिळतात, पण नावं पुसलेली. कसे ओळखायचे? (वाचक, पुणे)

उत्तर : काच अंगठ्याने चोळू नका, उरलंसुरलं नावही जाईल. काचेवर तोंडाची वाफ सोडा, अक्षरं धुक्यात क्षणभर उठून दिसतात. नाही दिसली तर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढा.

आतला चंदेरी थर आधी बघा. तो बेरियमचा असतो. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे, फुकट मिळाला तरी घेऊ नका. नऊ पिनांच्या बहुतेक व्हॉल्व्हमध्ये ४ आणि ५ हा हीटर. तिथे थोडे ओहम दिसले म्हणजे हीटर जिवंत आहे. व्हॉल्व्ह दमदार आहे की नाही ते सेटमध्ये लावल्यावरच कळेल.

मलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या नावावर भाळू नका, नाव नंतरही छापता येतं. काचेच्या तळाशी करड्या रंगात कोरलेला कोड पाहा. त्यातलं 'बी' म्हणजे इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे नेदरलँड्समधलं हेर्लेन. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवले. रेडिओसाठी ते पुरेसे चांगले, आणि त्यांना नाक मुरडणाऱ्यांमुळेच ते अजून परवडतात.

प्रश्न : स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा ईएम ८४ चा हिरवा डोळा मंद झालाय. उजळेल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : त्याचा प्लेट रेझिस्टन्स (साधारण ४७० किलोओहम) मोजा. ओहम वाढले असतील तर तो बदला, पट्ट्या नीट हलू लागतील. उजेड कमी असेल तर हीटरला ६.३ आणि पडद्याला पुरेसं व्होल्टेज येतंय का पाहा. दोन्ही ठीक असतील तर फॉस्फर (पडद्यावरचा चमकणारा थर) झिजला आहे, आणि त्यावर इलाज नाही.