मिश्र वाक्य: लांबी बघू नका, क्रियापदं मोजा

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. इंग्रजीच्या पेपरात कॉम्प्लेक्स सेंटेन्स, म्हणजे मिश्र वाक्य, ओळखता येत नाही, आणि स्वतः लिहायला घेतलं की चुकतं. लाल शेरा मिळालेली तीन वाक्यंही तुम्ही दिली आहेत: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’, ‘द बॉय हू केम येस्टर्डे, ही इज माय कझिन’ आणि ‘आय डोंट नो व्हेअर इज ही’. तिन्ही चुकांचं मूळ मराठीत आहे. त्याकडे येतोच, आधी ओळखण्याचं बघू.

वाक्य लांबलचक दिसलं की ते मिश्र, हा समज डोक्यातून काढा. ‘हॅविंग फिनिश्ड हिज वर्क, द ओल्ड मॅन वेंट टू द मार्केट टू बाय व्हेजिटेबल्स’ हे एवढं मोठं असूनही केवल, म्हणजे एकाच क्रियापदाचं, वाक्य आहे. ‘आय नो हू केम’ हे चार शब्दांचं मात्र मिश्र. फरक क्रियापदांचा आहे. ज्याला स्वतःचा कर्ता आणि काळ आहे तेवढंच क्रियापद मोजायचं. ‘टू बाय’, ‘हॅविंग फिनिश्ड’ ही रूपं धरायची नाहीत. ‘वुड हॅव बीन वेटिंग’ असा गट असेल तर तो सगळा मिळून एक.

आता जोडशब्द मोजा. वाक्य नीट बांधलेलं असेल तर जोडशब्द क्रियापदांपेक्षा बरोबर एकाने कमी निघतात. जोडणारे शब्द फक्त ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ या जातीचे असतील तर वाक्य संयुक्त, ‘हू’, ‘दॅट’, ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिकॉज’ या जातीचे असतील तर मिश्र. दोन्ही जाती एकत्र आल्या तर संयुक्त-मिश्र, त्यावर फार वेळ घालवू नका.

हे वाक्य घ्या: ‘द फार्मर हू सोल्ड अस द बुलक्स सेड दॅट ही वुड कम बॅक व्हेन द रेन्स स्टॉप्ट.’ क्रियापदं चार: सोल्ड, सेड, वुड कम, स्टॉप्ट. जोडशब्द तीन: हू, दॅट, व्हेन. हिशेब जुळला. ज्या क्रियापदाच्या वाक्याला जोडशब्द नाही ते मुख्य, म्हणजे ‘द फार्मर सेड’. बाकी सगळी गौण वाक्यं. ‘हू सोल्ड अस द बुलक्स’ शेतकऱ्याची ओळख सांगतं, म्हणून विशेषणवाक्य. ‘दॅट’पासून शेवटपर्यंतचा सगळा तुकडा ‘काय म्हणाला?’ याचं उत्तर आहे, म्हणून नामवाक्य. आणि ‘व्हेन द रेन्स स्टॉप्ट’ हे त्या नामवाक्याच्याच पोटात बसलेलं, ‘कधी येईल?’ ते सांगणारं क्रियाविशेषणवाक्य. ते ‘सेड’ला चिकटवाल तर अर्थ बदलेल: शेतकरी पाऊस थांबल्यावर बोलला, असं होईल.

कधी जोडशब्द एक कमी भरतो. ‘द बुक आय बॉट इज मिसिंग’मध्ये क्रियापदं दोन आणि जोडशब्द शून्य. इथे ‘दॅट’ गाळला आहे. तो विशेषणवाक्यात कर्म असेल तरच असा गाळता येतो. तो कर्ता असेल तर ठेवावाच लागतो, ‘द मॅन केम येस्टर्डे इज माय अंकल’ चालत नाही.

गाइडांमध्ये जोडशब्दांच्या याद्या असतात, अमुक शब्द आला की अमुक क्लॉज, म्हणजे अमुक जातीचं गौण वाक्य. माझ्या मते त्या पाठ करण्यात काही अर्थ नाही. एकटा ‘व्हेअर’ घ्या. ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज’मध्ये नामवाक्य, कारण ‘व्हेअर’पासूनच्या तुकड्याच्या जागी ‘इट’ बसतं. ‘द हाउस व्हेअर ही लिव्ह्ज’मध्ये विशेषणवाक्य, ते ‘हाउस’ या नामाला चिकटलं आहे. ‘स्टे व्हेअर यू आर’मध्ये क्रियाविशेषणवाक्य, ते ‘स्टे’ या क्रियापदाची जागा सांगतं. शब्द तोच, काम तीन. बघायचं असतं ते काम.

स्पर्धा परीक्षेवाल्यांना चकवणारी जोडी म्हणजे ‘द न्यूज दॅट ही हॅड पास्ड’ आणि ‘द न्यूज दॅट यू ब्रॉट’. दोन्हीकडे ‘दॅट’ नामाच्या मागेच आहे. ‘दॅट’ झाकून पुढचं वाचा. ‘ही हॅड पास्ड’ पूर्ण वाटतं, त्यात काही कमी नाही, म्हणून ते नामवाक्य: बातमी काय, तर हीच. ‘यू ब्रॉट’ अर्धवट वाटतं, काय आणलं? तिथे भोक आहे, म्हणून विशेषणवाक्य.

आता तुमची वाक्यं. मराठी जोडीने चालते: जरी-तरी, जो-तो, जेव्हा-तेव्हा, ज्याअर्थी-त्याअर्थी. त्यामुळे ‘ऑल्दो’ लिहिलं की हात आपोआप ‘तरी’ शोधतो आणि ‘बट’ लिहून मोकळा होतो. हिशेब करून बघा: क्रियापदं दोन, जोडशब्दही दोन. एक जास्त झाला, कुठलाही एक उडवा. ‘ज्याअर्थी’साठी ‘ॲज’ लिहून पुढे ‘सो’ लिहिणं हीच चूक. ‘इफ’बरोबर ‘देन’ आणि ‘दो’बरोबर ‘येट’ चालतं, तेवढे अपवाद सोडा.

दुसऱ्या वाक्यातला ‘ही’ म्हणजे आपल्या जो-तो मधला ‘तो’. इंग्रजीत नाम आधी येऊन गेलेलं असतं, विशेषणवाक्य त्याच्या मागे लागतं आणि लगेच मुख्य क्रियापद येतं: ‘द बॉय हू केम येस्टर्डे इज माय कझिन.’ भाषांतर करताना ‘जो मुलगा काल आला तो’ या रूपावरून न जाता ‘काल आलेला मुलगा माझा चुलतभाऊ’ या रूपावरून जा, म्हणजे तो जादा ‘ही’ सुचतच नाही.

उलट एक गोष्ट आपण विसरतो. ‘मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती मोडली’ यातला ‘वर’ इंग्रजीत हरवतो आणि ‘द चेअर आय वॉज सिटिंग ब्रोक’ असं काहीतरी उतरतं. ‘द चेअर आय वॉज सिटिंग ऑन ब्रोक’ हवं. मराठीत शब्दाला लागलेलं वर, त, शी, साठी तिकडे कुठे गेलं, हे प्रत्येक वेळी तपासा.

तिसऱ्या वाक्याचं सोपं आहे. मराठीत ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ यांत शब्दांचा क्रम हलत नाही. इंग्रजीत ‘व्हेअर इज ही’ हा क्रम फक्त थेट प्रश्नाचा. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की कर्ता आधी: ‘आय डोंट नो व्हेअर ही इज.’

तुमच्या यादीत नसलेली पण हमखास होणारी चूक ‘विल’ची. ‘व्हेन यू विल कम, वी विल ईट’ हे ‘जेव्हा तू येशील तेव्हा’ वरून आलं. पण घरात आपण असं बोलतो का? ‘तू आलास की जेवू’ म्हणतो, म्हणजे तिथे भविष्यकाळ आपणही वापरत नाही. ‘व्हेन यू कम, वी विल ईट.’ ‘इफ’चंही तसंच, ‘तू आलास तर’. आणि ‘तो म्हणाला की मी येईन’ याचं ‘ही सेड दॅट आय विल कम’ करू नका. त्याचा अर्थ हे वाक्य लिहिणारे तुम्ही येणार, असा होतो. आपला ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजी ‘दॅट’मागे सर्वनाम बदलतं, आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर बहुधा काळही: ‘ही सेड दॅट ही वुड कम.’

राहिलं ‘डू ॲज डायरेक्टेड’ (सूचनेप्रमाणे बदला) या प्रश्नातलं रूपांतर. केवल वाक्याचं मिश्र करायचं म्हणजे एखाद्या नामात लपलेलं क्रियापद बाहेर काढायचं. ‘ऑन हिज अरायव्हल’मध्ये ‘अराइव्ह’ आहे, म्हणून ‘व्हेन ही अराइव्ह्ड’. ‘बिकॉज ऑफ हिज इलनेस’चं ‘बिकॉज ही वॉज इल’. ‘इन स्पाइट ऑफ द रेन’चं ‘दो इट वॉज रेनिंग’. ‘ही इज टू टायर्ड टू वॉक’चं ‘ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक’, आणि इथे ‘नॉट’ विसरलात तर अर्थ उलटा. ‘अनलेस’चं नेमकं विरुद्ध: त्यात नकार आधीच आहे. ‘इफ यू डू नॉट स्टडी, यू विल फेल’चं ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल’ होतं, ‘अनलेस यू डोंट स्टडी’ लिहिलंत तर अभ्यास करणाराच नापास होईल.